दोघांसाठी केलेला बाक

मी एक बाक बोलतोय. बसायचा नव्हे, गुडघे टेकायचा. मला पाठ नाही, हात नाहीत. उंचीला जेमतेम वीतभर, आणि लांबी एवढीच की दोन माणसांनी शेजारी शेजारी गुडघे टेकले तर कोपराला कोपर लागावं. वर काथ्याची गादी आणि तिच्यावर तपकिरी रेक्झिन. सध्या माझा मुक्काम चर्चच्या मागच्या दालनात, खुर्च्यांच्या थप्पीशेजारी आहे.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. माझ्यावर टेकून माणसं देवाशी बोलतात. म्हणजे माझ्या कानावर काय काय पडलं असेल, याची कल्पना करा आणि तिथेच थांबा. त्यातलं मी काहीही सांगणार नाही. इथे जे सांगतोय ते सगळं आधीच भर दालनात माईकवरून सांगून झालेलं आहे. मी नव्हे, दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. लाकूड असूनही मला तोंड दाबून बसता येतं, माणसाला का येत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

मला घडवलं ते एका नवरीच्या वडिलांनी. ते सुतार होते. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा जो तो विचारायचा, कपाट देणार की पलंग? ते म्हणायचे, "कपाट जावई घेईल. मी गुडघ्यांची सोय करतो." कुठल्याशा शाळेचं मोडीत निघालेलं दार त्यांच्याकडे पडून होतं, त्याच्या फळ्यांतून मी निघालो. रंधा मारून त्यांनी माझ्या कडा गोल केल्या. गादी मात्र लेकीने भरली. काथ्या भरताना तिला सटासट शिंका येत होत्या आणि वडील ओरडत होते, "अगं, माझ्या पॉलिशवर नको!"

लग्नविधीत ती दोघं माझ्यावरच टेकली. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, फुलं उधळली गेली, फोटो निघाले. मग निरोपाच्या वेळी सुतारबाबांनी जावयाला बाजूला घेतलं. ते बोलायला फार कंजूष. पण त्या दिवशी बोलले.

"रोज टेका दोघंही. जो बोलेल त्याला मोठ्याने बोलू द्या. दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, शेवटी फक्त आमेन म्हणायचं. आणि उठल्यावर त्यातलं काही जेवणाच्या टेबलावर आणायचं नाही. बाकावरचं बाकावर."

जावयाने मान डोलावली. त्याचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्याला ते मनापासून पटलं होतं.

जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. चर्चच्या मंडळीत सगळे त्याला चष्मेवाले म्हणायचे, मीही तेच म्हणतो. गोड बोलायची देणगी होती त्याला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत तो विचारायचा, "आता दिसतंय? आणि आता? आधीचं बरं की हे?" ही लकब घरीही सुटली नाही. बायकोशी भांडतानासुद्धा तो म्हणायचा, "बघ, मी असं म्हणालो. आता दिसतंय का मी काय म्हणतोय ते?" ती म्हणायची, "दिसतंय, दिसतंय. तुमचा ओला टॉवेल पलंगावर दिसतोय."

ती मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला होती. दिवसभर उभं राहून हॉटेलांच्या चादरी कडक करायच्या. संध्याकाळी घरी आली की पाय सुजलेले असत. स्वयंपाक चढवायच्या आधी दोघं माझ्यावर टेकायची. ती डावीकडे, तो उजवीकडे. गुडघे टेकताना ती "आई गं" म्हणायची आणि मग हसून म्हणायची, "ही प्रार्थना नाही हं, प्रभू, हे असंच."

सुरुवातीच्या त्या प्रार्थना मला आठवतात. एकमेकांशी बोलताना जे धड सांगता येत नसे, ते देवाला सांगता सांगता बरोबर शेजारी पोहोचायचं. "प्रभू, यांना ओला टॉवेल दोरीवर टाकायची बुद्धी दे." मग त्याची पाळी. "प्रभू, हिला माझ्या आईविषयी थोडं मऊ मन दे, आणि माझ्या आईला हिच्याविषयी." दोघांचे खांदे हसू दाबून हलायचे. पण नियम म्हणजे नियम. ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचं आणि उठायचं. दुसऱ्या दिवशी टॉवेल दोरीवर असायचा. दोन दिवसांनी पुन्हा पलंगावर, ते वेगळं.

मला वाटतं संसार म्हणजे दुसरं काय असतं? कोणीतरी शेजारी टेकलेलं आहे, ते सगळं ऐकतंय, आणि ऐकून उठल्यावर ते आपल्याविरुद्ध वापरणार नाही, एवढी खात्री. बाकी चादरी, पगार, टॉवेल हे चालायचंच.

मग सासूबाई पडल्या. डावी बाजू लुळी झाली, जीभ जड झाली. त्या या दोघांकडेच राहायला आल्या. म्हणजे पलंगावर पडायला आल्या. चष्मेवाल्यांची धाकटी बहीण त्याच गावात होती. दर रविवारी उपासनेनंतर ती फळं घेऊन यायची, आईच्या केसांवरून हात फिरवायची, डोळे पुसायची आणि जाताना म्हणायची, "वहिनी, तू आहेस म्हणून." तिचं आईवर प्रेम होतं यात शंका नाही. पण फळं सोलणं आणि शौचाचं भांडं देणं, यात फरक असतो.

कूस बदलायची, पाठीच्या जखमा पुसायच्या, भरवायचं, भांडं द्यायचं, चादरी धुवायच्या. दिवसभर लोकांच्या चादरी, घरी आल्यावर सासूबाईंच्या. तिच्या हाताला साबणाचा वास कायमचा चिकटला होता, माझ्या रेक्झिनलाही लागला होता. चष्मेवाले दुकानातून उशिरा यायला लागले. कामं वाढली होती म्हणे. आले की आईजवळ बसून दोन गोड शब्द बोलायचे. ते त्यांना छान जमायचं.

वर्षं गेली. एका संध्याकाळी ती टेकली. मग ती जे बोलली ते आता साऱ्या मंडळीला पाठ आहे, म्हणून सांगतो. ती म्हणाली, "प्रभू, आता यांच्या आईंना ने. त्यांची सुटका व्हावी म्हणून नाही म्हणत. माझी व्हावी म्हणून म्हणते. मी रोज कामावरून येताना दाराशी थांबते आणि वाटतं, आत गेल्यावर संपलेलं असू दे. मला असं वाटतं, प्रभू. मी वाईट आहे. मला क्षमा कर."

घरात स्टोव्हवर सासूबाईंची पेज खदखदत होती. मला वाटलं, आता हा उठून जाईल. मुलगाच तो.

त्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "आमेन." मग तिथेच, डोळे मिटलेले असतानाच, म्हणाला, "प्रभू, मलाही तेच वाटतं. मी पोटचा पोरगा, आणि मलाही तेच वाटतं. दुकानात काम नसतं. मी मुद्दाम उशिरा येतो. मलाही क्षमा कर."

"आमेन," ती म्हणाली.

दोघं खूप रडली. रडता रडता स्टोव्हवरचं करपलं, तेव्हा हसलीही. मग उठून दोघांनी मिळून सासूबाईंची कूस बदलली. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने आईची पाठ पुसली. जखमा चुकवत, हळूहळू पुसली. आणि त्यानंतर तो लवकर यायला लागला. मला विचाराल तर त्यांचं खरं लग्न त्या संध्याकाळी लागलं. ती तर म्हणायचीच, आता मला कशाची भीती नाही. जे सगळ्यात वाईट होतं ते मी बोलले, आणि हे उठून गेले नाहीत.

सासूबाई त्यानंतरही बराच काळ जगल्या. गेल्या तेव्हा डोकं सुनेच्या मांडीवर होतं. सुतारबाबाही पुढच्या वर्षी गेले.

मग पाळकसाहेबांनी चष्मेवाल्यांना विवाहवर्ग घ्यायला सांगितलं. लग्न ठरलेली आणि नुकतीच झालेली जोडपी येत. संसारात देवाला कुठे ठेवायचं, एकमेकांशी कसं बोलायचं, रुसवा कसा काढायचा, असे धडे. दालन, माईक, समोर तरणीताठी माणसं. "आता दिसतंय? आणि आता?" त्यांची लकब तिथे फार शोभून दिसायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी टॉवेलची गोष्ट सांगितली. प्रार्थनेसकट. हशा पिकला म्हणे. ती मागच्या रांगेत होती, तीही हसली, पण कान लाल झाले. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, ते बाकावरचं होतं."

"अगं, गंमत होती ती. टॉवेलात काय एवढं?"

टॉवेलात खरंच काही नव्हतं. म्हणून ती गप्प बसली. पण पुढच्या वर्गात मऊ मनाची प्रार्थना गेली. त्याच्या पुढच्या वर्गात आणखी काहीतरी गेलं. लोक येऊन हात हातात घ्यायचे, "किती खरं बोलता हो तुम्ही!" माणसाला टाळ्यांची चटक लागली की तो घरातलं एकेक सामान बाहेर नेऊन विकायला लागतो, आणि घरच्यांना कळतं तेव्हा भिंती उरलेल्या असतात.

एकदा बाहेरगावचे मोठे पाहुणे वक्ते वर्ग बघायला येणार होते. चष्मेवाल्यांनी मला काखोटीला मारलं. म्हणाले, "प्रात्यक्षिक दाखवतो." लग्नानंतर मी पहिल्यांदाच घराबाहेर पडलो. खोटं नाही सांगत, थोडा मिरवलोही. मला पुढे, माईकखाली ठेवलं. इतकी माणसं मी लग्नातही पाहिली नव्हती. दुसऱ्या रांगेत त्यांची बहीणही होती, भावाचं कौतुक बघायला आलेली.

त्या दिवशी वर्ग काही केल्या रंगेना. टॉवेलवर कोणी हसलं नाही. पाहुणे घड्याळाकडे बघत होते. चष्मेवाल्यांनी माईक जवळ ओढला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 

"एक बाई होती," ते म्हणाले. "घरात आजारी सासू. एके दिवशी तिने याच बाकावर टेकून देवाकडे काय मागितलं असेल? सासूचं मरण."  पाहुण्यांनी मान वर केली. "प्रभूपासून काय लपतं? आणि प्रभूच्या मंडळीपासून तरी का लपवायचं? ती बाई माझीच पत्नी."

मागच्या रांगेत ती बसली होती. एकाच वेळी सगळ्या माना वळल्या.

"मी काय केलं? रागावलो? नाही. मी तिचा हात हातात घेतला आणि तिच्या मनासाठी प्रभूजवळ रडलो. आणि बघा! प्रभूने तिचं मन पालटलं. माझ्या आईची सेवा तिने शेवटच्या श्वासापर्यंत केली. आता दिसतंय का, नवऱ्याच्या प्रार्थनेत काय शक्ती असते?"

टाळ्या. पाहुण्यांनी रुमाल काढून डोळे टिपले.

मी लाकूड आहे. पण त्या क्षणी वाटलं, माझे खिळे निसटून मी तिथल्या तिथे खिळखिळा व्हावं. निम्मी प्रार्थना त्याने चव्हाट्यावर मांडली आणि निम्मी, स्वतःची, खिशात घातली. आणि मला तिथे साक्षीला उभं केलं! मला! गुपित राखायला ज्याला घडवलं, त्यालाच बोट दाखवून.

वर्ग सुटल्यावर दाराशी बहिणीने तिला गाठलं. "वहिनी, तू माझ्या आईच्या मरणाची वाट बघत होतीस?"

ती काय सांगणार? तुमचा भाऊही बघत होता, एवढं एक वाक्य. ते तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं. "हो, वन्सं," ती म्हणाली. "तसं वाटलं होतं मला."

बहिणीने त्यानंतर वहिनीशी बोलणं टाकलं. मंडळीतल्या बायका मात्र भारी प्रेमाने बोलायला लागल्या. "तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हं आम्ही." ज्याची चारचौघांत चर्चा करायची असते त्याला मंडळीत प्रार्थनेचा विषय म्हणतात, हे मी तिथे शिकलो.

मला घरी आणलं. संध्याकाळी दोघं टेकली. तो बोलला, ती आमेन म्हणाली. मग तिची पाळी. शांतता.

"बोल ना," तो म्हणाला.

"बोलले. मनात."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. ती भांडली नाही, अबोला धरला नाही. जेवण वाढत होती, शर्टाचं बटण लावत होती, दुकानातलं विचारत होती. फक्त माझ्यावर टेकली की तिचा आवाज बंद. त्याला ते खुपू लागलं. एक दिवस तो म्हणाला, "घरात तर हा बाक मुकाच झालाय. वर्गाला तरी उपयोग होईल." आणि मला उचलून दालनात आणून ठेवलं ते कायमचंच. माझ्यासमोर उभं राहून त्याने पाळकसाहेबांना काय सांगावं? "माझी पत्नी हल्ली माझ्याबरोबर मोठ्याने प्रार्थना करत नाही. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगतो." हसावं की रडावं मला कळेना.

सासूची ती गोष्ट आता दर वर्गात ठरलेली असायची. जोडपी माझ्यावर टेकून बघायची, हात फिरवायची, कोणी कोणी फोटो काढायचं. पाळकबाई तिला दर खेपेला चहाच्या कामाला जुंपायच्या, तिचं मन रमावं म्हणून. बाजूच्या छोट्या खोलीत ती कपबशा मांडायची. मधलं दार उघडंच असायचं. स्वतःचं पाप ती दर खेपेला ऐकायची, आणि किटली भरायची.

मग चष्मेवाल्यांच्या भाचीचं लग्न ठरलं. ती वर्गाला आली, सोबत तिची आई, म्हणजे चष्मेवाल्यांची तीच बहीण. भाची चुणचुणीत होती. गोष्ट संपली, टाळ्या झाल्या, आणि तिने हात वर केला.

"मामा, मामींनी काय मागितलं ते कळलं. पण आजीचं सगळं करून तुम्हीही थकला असाल ना? तुम्ही त्या दिवशी स्वतःसाठी काय मागितलंत?"

किती साधा प्रश्न! आजवर एकालाही सुचला नव्हता. चष्मेवाल्यांचा हात माईकवर घट्ट झाला. त्यांनी बाजूच्या खोलीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, हातात बशा. दोघांची नजरानजर झाली. तिने नुसतं पाहिलं. धमकी नाही, विनवणी नाही. मी मनात म्हणत होतो, बोल बाबा, बोल. आता तरी बोल.

"मी?" ते म्हणाले. "मी तिच्यासाठीच मागितलं."

तिने मान खाली घातली आणि आत गेली.

चहाच्या वेळी नणंद तिच्यापाशी आली. कितीतरी काळानंतर पहिल्यांदा. "वहिनी, खरं सांग. दादा काय म्हणाला होता त्या दिवशी?"

"ते त्यांना विचारा, वन्सं. ते त्यांचं आहे. मी कसं सांगू?"

नणंद बघत राहिली. एवढं ऐकून न समजायला ती काही लहान नव्हती. तिने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि वहिनीने धुतलेले कप पुसायला लागली.  चष्मेवाले दारातून ते पाहत होते. त्यांचा चहा तसाच निवला.

आता तुम्ही म्हणाल, मग त्यांनी कबूल केलं असेल. केलं. पुढच्याच वर्गात. अडखळत, घाम पुसत, सगळं सांगितलं. मीही तेच मागितलं होतं, मी मुद्दाम उशिरा यायचो, मी तुमच्यापासून लपवलं. माझ्या अंगावरून ओझं उतरल्यासारखं झालं. पण थांबा. असा टाळ्यांचा कडकडाट झाला की आजवर झाला नव्हता! पाळकसाहेबांनी धावत येऊन मिठी मारली. "याला म्हणतात नम्रता! केवढं मोठं मन!" बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. तरुण पोरं रांग लावून त्यांचा हात हातात घेत होती. तिने कबूल केलं नव्हतं, तिचं चोरून सांगितलं गेलं, तेव्हा ती पापी. त्याने कबूल केलं तेव्हा तो संत. आणि इतक्या माणसांत एकानेही बाजूच्या खोलीकडे मान वळवली नाही. नणंदेशिवाय.

सगळे गेल्यावर तो तिच्याकडे आला. चेहरा उजळला होता. "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"आता तरी माफ करशील?"

तिने हात पुसले. "माफ मी त्याच आठवड्यात केलं होतं. नाहीतर घास उतरला असता का घशाखाली?"

"मग? मग आपण घेऊन जाऊया हा बाक घरी. पूर्वीसारखं टेकूया."

माझं काळीज लाकडाचं, पण ते उडी मारून वर आलं. घरी! तिने माझ्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "घरी नको म्हणजे राग आहे असं नाही हो. माफी माझ्या हातात होती, दिली. पण तुमच्याशेजारी टेकले की तोंडच उघडत नाही. मी मुद्दाम नाही करत. शब्द घशापर्यंत येतात आणि वाटतं, हे कुठे जातील? ते काही माझ्या हातात नाही."

"पण मी सगळं सांगून टाकलं ना आता?"

"हो. तेही सगळ्यांना सांगितलंत," ती म्हणाली. "मला आधी सांगितलं असतंत, घरी, दोघंच असताना, तर?"

 एवढा बोलका माणूस, पण खुर्च्या रचत राहिला. विवाहवर्ग त्याने सोडला. मंडळीने त्यालाही नम्रताच म्हटलं.

मी मात्र इथे राहिलो. माझा काय गुन्हा होता ते मला कोणी सांगेल का? मी कोणाचा शब्द फोडला नाही, तरी तिला मी घरात नको झालो. आता दर वर्गात नवीन जोडपी माझ्यावर टेकतात. त्यांना माझं एकच मागणं आहे. बाळांनो, देवाजवळ हवं ते बोला, तो ऐकून पचवायला समर्थ आहे. पण शेजारी जो टेकलेला असतो ना, त्याने ऐकलेलं जपावं. देवाला सांगितलेलं ऐकायला मिळणं हा त्याचा हक्क नव्हे, ती ठेव आहे. पुढे ती कितीही चांगल्या कामाला लागणार असली, तरी ती तुमची नाही.

परवाची गोष्ट. भर दुपार, रविवार नव्हे, आडवार, दालनात कोणी नाही. साफसफाईची पाळी तिची होती. तिने खुर्च्या सरकवल्या, झाडलं, माझ्याखालचं झाडायला मला ओढून मधे आणलं. मग मला परत जागेवर ठेवेना. केरसुणी हातात धरून उभी राहिली. मग ती टेकली. अख्खा बाक रिकामा असताना, डावीकडेच टेकली. "आई गं," म्हणाली. आणि थोड्या वेळाने, हळू पण मोठ्याने, बोलू लागली. तो आवाज किती दिवसांनी ऐकला मी!

एवढ्यात दार करकरलं. तो होता. दुकानातून जेवणाच्या सुट्टीत आला असावा, तिला खुर्च्या उचलू लागायला. त्याने तिचे दोन शब्द ऐकले असतील नसतील, तिने मागे न बघताच ओळखलं आणि तिचा आवाज मधेच थांबला. वाक्य अर्धंच राहिलं.

त्याला ते दिसलं. आपण आलो आणि आवाज बंद झाला, हे त्याने पहिल्यांदा इतकं समोरासमोर पाहिलं. त्याने काही म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. तो आवाज न करता मागे सरला आणि त्याने बाहेरून दार ओढून घेतलं. दाराच्या काचेतून मला दिसलं, तो पायरीवर बसला होता, दाराकडे पाठ करून.

थोड्या वेळाने बाहेर पाळकबाईंचा आवाज आला. "अहो, इथे उन्हात काय बसलात? आत कोण आहे?"

"आत जाऊ नका जरा."

"का? काय झालं? काही प्रार्थनेचा विषय आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

पावलं दूर गेली. तो उठला नाही.

तिने आत हे ऐकलं असावं. तिने कपाळावरचा घाम पुसला आणि थांबलेल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली, मोठ्याने. बराच वेळ बोलली. रडली, एकदा हसलीही. काय बोलली ते विचारू नका.

मग प्रार्थना संपली. शेजारी आमेन म्हणायला कोणी नव्हतं. तिचं तिनेच म्हटलं.